नाव ठेवू कुणाला?

मी बोलतेय, रोपाशेजारी खोचलेली पाटी. रोपवाटिकेतल्या मावशींनी मला रंगाच्या डब्याच्या झाकणातून कापलं आणि वर रोपाचं नाव लिहिलं. अक्षर असं, की ते मलासुद्धा लागत नाही. खालचं ‘उपटू नये’ तेवढं स्वच्छ आहे. माणसं नावं ठेवतात. मी नाव ठेवते, अशी माझी समजूत होती.

मला घरी आणलं एका तरुण आईनं. “हे इथलंच झाड,” मावशी तिला म्हणाल्या. “इथल्या एका फुलपाखराची अळी याचीच पानं खाते. दुसरं तोंडात घेत नाही.”

“आमच्या कन्येसारखीच,” आई म्हणाली. तिची तीन वर्षांची मुलगी आठवडाभर नुसत्या केळ्यांवर होती.

रोप अंगणात लावलं. मुलगी रोज अळी शोधायची. काल तिनं मला उपसून चिखल ढवळला आणि हातभर अंतरावर आपोआप उगवलेल्या एका झुडपाशी खोचून दिलं. मी सांगणार कशी?

आईचा लिहिलेल्यावर फार भरवसा. मुलीला ताप आला तरी कपाळाला हात लावण्याआधी ती पुस्तक उघडते. आज सकाळी तिनं तण काढलं. मला बघून झुडूप राखलं आणि खरं रोप उपटून पाचोळ्याच्या ढिगावर टाकलं.

सासूबाई दारात आल्या. “अगं, तणाला काय पाणी घालतेस?”

“पाटी आहे ना.”

“उद्या मला पाटी लावलीस, तर माझ्यावर अळ्या येतील का?”

आईनं मावशींना फोटो पाठवला. लगेच फोन आला. “हे मी दिलेलं नाही, ताई. हेही इथलंच, वाऱ्यानं आलेलं. मधमाश्या येतात यावर, राहू दे. पण माझं रोप कुठंय?”

आई ढिगाकडे धावली. पानं मलूल, मुळाशी जेमतेम ओल. तिनं ते परत लावलं. “जगेल का हो?” तिनं फोनवरच मावशींना विचारलं.

“सांगता येत नाही. चार दिवस सावली धरा.”

सासूबाईंनी आपली छत्री आणून उघडून ठेवली.

मला हातात धरून आईनं एकदा रोपाकडे, एकदा झुडपाकडे पाहिलं. शेवटी दोघांच्या मधोमध खोचलं. आता मी कुणाची, मलाच कळत नाही. माझ्यामुळे एक रोप ढिगावर गेलं. मी कुणाला काय सांगावं? तरी एक विनवणी, उपटण्याआधी माझ्याऐवजी पानांकडे बघा.

“आजी, अळीला कसं कळणार कुठलं खायचं?” मुलगी विचारतेय.

“तिला कुठं वाचता येतंय? तिला बरोबर कळेल.”