कुलपात गेलेली छत्रीची काडी

मित्रांनो, वडूजच्या पुढे माणदेशाच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. तिथल्या एका घराच्या वळचणीला मी खोचलेली आहे. अंगावर गंज चढलेली, एका टोकाला वाकवलेली, दुसऱ्या टोकाला मोडलेली. मला पाहून कुणी म्हणतं हा मासे धरायचा गळ आहे, कुणी म्हणतं दाभण आहे. मी यातलं काहीच नाही. मी एका छत्रीची काडी आहे. माझ्या बहिणी छत्रीतच राहिल्या. मी एकटी कुलपात गेले, आणि त्यातूनच या घरात दोन चुली झाल्या.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची पातळ पट्टी दाबून तिला पन्हळीसारखा आकार दिला, की आमच्यासारख्या काड्या तयार होतात. वाकवलं तर वाकायचं आणि सोडलं की पुन्हा सरळ व्हायचं, हा आमचा गुण. काळं कापड, वेताची मूठ आणि आम्ही बहिणी मिळून छत्री झाली. ती साताऱ्याच्या बाजारात आली आणि नानासो नावाच्या माणसानं विकत घेतली.

नानासो पिढीजात मेंढरं राखणारा. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी हा त्यांच्या घराचा बाणा. त्या मुलखात पाऊस असा किती पडणार? पण नानासोनं मेंढरं कमी करून शेतीचं रान घेतलं होतं, आणि रानाच्या मालकाजवळ छत्री असावी असं त्याच्या मनानं घेतलं. तो मला उन्हात उघडायचा. बांधावर उभा राहून रान बघताना त्याची सावली गोल पडायची. वाडी त्याला 'छत्रीवाला नानासो' म्हणू लागली. कुणी हसून म्हणायचं, कुणी मानानं. त्याला दोन्ही चालायचं. ती माझी सुखाची वर्षं.

नानासो गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, छत्री पुसली, मिटली आणि मधल्या घरात खुंटीला अडकवली. "हिला कुणी हात लावायचा न्हाई," एवढंच ती म्हणाली. तिच्या शब्दापुढे घरात कुणाची हिंमत नव्हती. त्यामुळे मी जपली गेले, पण उपयोगाची राहिले नाही. कापडाच्या घडीत कोळ्यांनी जाळी केली. खुंटीवरून मला सगळं घर दिसायचं, आणि त्या घरात बघण्यासारखं फारसं काही चांगलं नव्हतं.

बयाबाईला दोन मुलगे. थोरला अर्जुना, त्याची बायको हरणाबाई. धाकटा आकाराम, त्याची बायको साळूबाई. आकाराम पलटणीत भरती झाला आणि लढाईवर गेला. कुठे गेला, हे वाडीत कुणाला धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे वाळवंटात, कुणी म्हणे ब्रह्मदेशात. तो गेला आणि घराचं बोलणं बदललं. हरणाबाई भाकरी वाढताना साळूच्या ताटात काठाकडची मोडकी टाकायची. बयाबाईचंही साळूवर प्रेम नव्हतं. तिनं भरलेलं पाणी गढूळ, तिनं मारलेला झाडू तिरका, तिचं चालणं जोराचं. दिवसभर ती उंबऱ्यात बसून हेच सांगायची. साळू उत्तर द्यायची नाही. ती दात आवळून काम करायची, आणि हे न बोलणं त्या दोघींना आणखी टोचायचं.

लढाईमुळे सरकार लेव्हीचं धान्य वसूल करत होतं. अर्जुनानं धान्याच्या खोलीला मोठं लोखंडी कुलूप घातलं. किल्ली करदोड्याला बांधली. सगळ्यांना वाटलं, शहाणपणाचं काम केलं. त्या खोलीत साळूचं शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, बियाणं होतं. मागच्या सुगीत तिनं आकारामच्या वाट्याच्या रानातली टपोरी कणसं निवडून, मळून, राख लावून एका पोत्यात भरली होती आणि पोत्याचं तोंड जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठानं बांधलं होतं.

हस्ताचा पाऊस पडून गेला. जमिनीला पेरणीजोगा वापसा आला. अशी ओल फार दिवस टिकत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. साळू अर्जुनासमोर पदर सावरून उभी राहिली.

"भावजी, माजं बी तेवडं काडून द्या. शेजारची राहीबाई बैलं आन् पेरायची पाभर देती म्हणालीया. त्या बदली म्या तिच्या रानात सावडीनं राबंन."

अर्जुना धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नसे. तो भिंतीकडे बघून बोलायचा. तो भिंतीला म्हणाला, "औंदा ते रान पडू द्या म्हणावं. बाईच्या जातीला पेरणी जमत न्हाई."

"रान पडलं तर?"

"फुडल्या साली आमी वहिवाटू."

"आन् ह्ये आल्यावर?"

"आला तर बगू," अर्जुना म्हणाला. त्यातला 'तर' त्यानं जरा लांबवला.

मित्रांनो, त्या एका शब्दात सगळं आलं. ज्याची वहिवाट, त्याचं नाव हळूहळू कागदावर चढतं. आकाराम परत येणार नाही, असं अर्जुनानं मनात धरलं होतं, आणि रान आत्ताच ओढायला घेतलं होतं. दुसरीकडून बी मिळेना. ज्यांच्याकडे होतं त्यांना स्वतःला पुरत नव्हतं, आणि अर्जुनाशी वाकडं घ्यायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्जुना आणि हरणाबाई रानात गेल्यावर साळू त्या कुलपासमोर बसली. तिनं अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि किल्लीच्या भोकात घातला. आकड्याची तार मऊ. आत कशाला तरी टेकली आणि तिथेच दुमडली. मग तिनं पितळी कानकोरणं घेतलं. तेही वाकलं, आणि सोडल्यावर वाकडंच राहिलं. बादलीच्या कडीची तार ताठ होती, पण भोकात शिरेना. पोती शिवायचं दाभण शिरलं. ते वाकलं नाही, आतल्या पट्टीपर्यंत पोचलंही. साळूनं जोर केला आणि त्याचं टोक कट्‌कन मोडलं. ते टोक बाहेर पाडायला तिला कुलूप किती वेळ आपटावं लागलं.

बयाबाई उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होती.

"काय खुडखुड लावलीया?"

साळूनं मोडलेलं दाभण निऱ्यांत खोचलं. रात्री सासू थोरल्या लेकाला सांगणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण त्या रात्री बयाबाईनं ते अर्जुनाला सांगितलं नाही. जेवताना ती फक्त कालवण आळणी झालंय म्हणून साळूला टाकून बोलली.

मग वडूजच्या बाजाराचा दिवस उजाडला. अर्जुना आणि हरणाबाई गाडी जुंपून गेले. साळू पुन्हा कुलपासमोर बसली, पण आज तिच्या हातात काहीच नव्हतं. घरातली प्रत्येक तार, प्रत्येक सुई तिनं बघून झाली होती. पाहिजे होतं ते एवढंच: बारीक असावं, वाकावं पण मोडू नये, आणि वाकल्यावर परत सरळ यावं.

बयाबाई उठली. गुडघ्यांवर हात देत मधल्या घरात आली आणि तिनं खुंटीवरची छत्री उतरवली. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागला. मला वाटलं, पुसायला काढलं असेल. तिनं छत्री उघडली. कापड घड्यांवर फाटलं. तिनं बोटांनी आम्हा बहिणींना एकेक चाचपून पाहिलं आणि माझ्यावर थांबली. माझं कापडाशी शिवलेलं टोक तिनं दातानं दोरा तोडून सोडवलं. मग मला जोत्याच्या दगडावर ठेवून पायानं दाबलं आणि मधोमध मोडलं. पुष्कळदा मागंपुढं वाकवावं लागलं तिला. मी सहजासहजी तुटले नाही.

साळू दारात उभी होती. "आत्याबाई, ती मामंजींची..."

"बोलू नगंस. तुज्यासाटी न्हाई करत." बयाबाईनं तिच्याकडे बघितलंही नाही. "माज्या आकारामाचं रान हाय ते. चूल पेटीव."

चुलीच्या निखाऱ्यात माझं टोक लाल झालं. बयाबाईनं ते पाट्यावर धरलं, साळूनं वरवंट्यानं ठोकलं. माझी पन्हळ चपटी झाली, टोक वळलं. मग चर्रकन पाण्यात. दोघी शेजारी शेजारी बसून काम करत होत्या, पण त्यांच्यात गोड शब्द नव्हता. "हळू ठोक." "धरा की मग नीट." "तुला अक्कल शिकवायला लागंल व्हय?" असंच चाललं होतं.

साळूनं कुलपात करडईच्या तेलाचे थेंब सोडले आणि मला आत घातलं. मित्रांनो, कुलपाच्या आत काळोख असतो आणि गंजाचा वास असतो. पहिल्या वेळी मी घसरले. दुसऱ्या वेळी आतली पट्टी माझ्या टोकावर बसली, पण वळताना सुटली. साळूच्या हाताला घाम आला होता. तिनं तो लुगड्याला पुसला आणि पुन्हा लावलं. मी धनुष्यासारखी ताणले गेले. इथे दाभण मोडलं होतं. मी मोडले नाही. पट्टी उचलली, काहीतरी जड सरकलं आणि कुलपाची कडी सुटून खाली लोंबली.

खोलीत पोती रचलेली होती. साळूनं हिरव्या काठाचं पोतं ओढून काढलं. शेजारी दाण्याची कणगी भरलेली होती. घरात तिला रोज मोडकी भाकरी मिळत होती, तरी तिनं कणगीत हात घातला नाही. बाहेर येऊन कुलूप दाबून बंद केलं.

राहीबाईची बैलं तयारच होती. दोन बायकांना पेरताना बघून शेजारच्या रानातले गडी हसले. एकानं विचारलं, "अर्जुनाला इचारलंय का?" साळूनं पाभर सोडली नाही.

शाळू उगवून वर आला तेव्हा अर्जुनाचं लक्ष गेलं. तो तसाच घरी आला, खोली उघडून पोती मोजली आणि गावच्या चावडीवर गेला. दादासो पाटलासमोर, चार माणसांत त्यानं तक्रार केली, "घरात चोरी झालीया. चोर घरातलाच हाय."

साळूला बोलावणं आलं. तिनं मला पदराखाली घेतलं. चावडीवर तिनं मला पाटलासमोर जमिनीवर ठेवलं. माणसं पुढं वाकून बघू लागली. हरणाबाई मागून म्हणाली, "बगा, चोराचं हत्यार. आमी हिच्या हातचं खात हुतो."

"बी माजं हुतं," साळू म्हणाली. "पोत्याला माज्या लुगड्याचा काट हुता. दुसऱ्या दान्याला हात लावला आसंल तर हात तोडा."

पाटलानं मला उचललं. "ह्ये कुणी शिकीवलं तुला? काडी कुटली?"

साळूनं सासूचं नाव घेतलं नाही. सासूवर तिचा जीव होता म्हणून नव्हे. तिला वाटलं, म्हातारी नाकारेल आणि आपण खोट्या पडू.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बयाबाई वाडीतून एकटी चालत आली होती. घाम पुसून ती म्हणाली, "छत्री माज्या मालकाची. म्या मोडली. चोर म्हनायचं तर मला म्हन, अर्जुना."

अर्जुनाचा चेहरा काळवंडला. आईपुढं तो मान खाली घालेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं घातली नाही.

"मग आजपास्नं माज्या चुलीवर तुजी भाकरी न्हाई, आये."

"नगं घालूस," ती म्हणाली.

पाटलानं रान आकारामचंच राहील असं ठरवलं, आणि घराच्या मधोमध भिंत घालायला सांगितली. अर्जुनानं ती आठवड्यात उभी केली, एकही झरोका न ठेवता. अंगणातल्या रांजणावरूनसुद्धा भांडण झालं आणि रांजण फुटला.

पहिल्या संध्याकाळी बयाबाई भिंतीच्या अलीकडे, साळूच्या चुलीसमोर जेवायला बसली. साळूनं तिला अख्खी गरम भाकरी वाढली. म्हातारीनं तुकडा मोडला, चावला.

"मीठ जास्त झालंय."

"मग खाऊ नगासा," साळू म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं सासूला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर होतं.

बयाबाईनं भाकरी संपवली आणि आणखी मागितली.

लढाई संपल्यावर आकाराम परत आला. एक पाय ओढत, पण आला. आपल्या रानातला शाळू त्यानं पाहिला. मग भावाला भेटायला भिंतीपलीकडे गेला. अर्जुनानं दार उघडलं नाही. आकाराम बराच वेळ त्या दारासमोर उभा राहिला आणि परत आला. त्यानं मला उचलून उकिरड्यावर टाकायला काढलं. साळूनं माझ्यावर हात ठेवला आणि मला वळचणीला खोचून ठेवलं. अर्जुना आणि आकाराम पुढे एकाच वाडीत म्हातारे झाले. एकमेकांच्या लेकरांच्या लग्नालाही ते गेले नाहीत.

मित्रांनो, मला कधीतरी तेलाचं बोट लावा. गंजानं मी झिजत चालले आहे. पण त्याहून मोठी विनवणी दुसरीच आहे. एखाद्या खोलीला कुलूप घालाल, तेव्हा आत दुसऱ्याच्या पेरणीचं बी राहिलं आहे का, ते आधी बघा. राहिलं असेल, तर वापसा आहे तोवर किल्ली आपणहून काढून द्या. माझ्यासारखी काडी कुलूप उघडू शकते. त्यानंतर बंद झालेलं दार मात्र आम्हाला उघडता येत नाही.