जिना उघडला कुठे?

सुतारखान्याच्या आतल्या खोलीत सुनेने सकाळी कॉम्प्युटर चालू केला, जिन्यांची चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. खालच्या पट्टीवरचं चित्र तेवढं उजळलं, म्हणजे प्रोग्रॅमच्या मते तो उघडला होता. पडद्यावर मात्र त्याचा पत्ता नव्हता. तिने पुन्हा क्लिक केलं, चित्र मावळलं. पुन्हा केलं, उजळलं. आतून 'आलो, आलो' म्हणायचं आणि बाहेर यायचंच नाही, असा एकेकाचा स्वभाव असतो ना, तसा प्रकार.

एरवी तिने शांतपणे चहा करून घेतला असता. पण सासऱ्यांनी परवाच निकाल देऊन ठेवला होता. सासरे सुतारखान्याचे मालक. जिने करण्यात त्यांची हयात गेली होती आणि जिना प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीनेच काढायचा असतो, यावर ते ठाम होते. कॉम्प्युटरने याआधी गिऱ्हाइकांसमोर मान टाकली होती. आता पुन्हा टाकली तर यंत्र भंगारात आणि सून परत बिलं लिहायला, असं त्यांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं. बिलांशी तिचं काही वैर नव्हतं. पण तिला जिने काढायचं वेड लागलं होतं, आणि छान वेड लागलेल्या माणसाला पुन्हा शहाणं करायला बघणं म्हणजे शुद्ध छळ आहे.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालयाच्या बाई. खालच्या वाचनकक्षातून वर मुलांच्या विभागात जाणारा एक साधा, सरळ जिना त्यांना हवा होता. चित्र बघून आजच काय ते ठरवणार होत्या. त्यात बाई वेळेआधीच हजर झाल्या. सासऱ्यांनी त्यांना बाहेरच्या खोलीत, भिंतीवर लाकडाचे नमुने टांगलेत तिथे बसवलं आणि आत येऊन विचारलं, झालं का. होतंय, ती म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवरा मदतीला धावला. माणूस सोन्यासारखा, पण यंत्र अडलं की याला भलताच चेव चढायचा. त्याचं म्हणणं असं की कॉम्प्युटर झोपला असेल तर कीबोर्डवरून त्याला गदागदा हलवावं. त्याने आधी बाण दाबले, मग आकडे दाबले, मग समोर येईल ते दाबत सुटला. पडदा ढिम्म. बाहेरच्या खोलीतून मात्र हसण्याचा आवाज आला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, खोकल्या असतील. नवऱ्याने पुन्हा बाण दाबून धरला, तर बाहेर बाई चक्क खदखदून हसल्या. शिसवीच्या आणि सागाच्या तुकड्यांकडे बघून इतकं काय हसू येत असेल, ते कोणाच्याच डोक्यात शिरेना. आपलीच फजिती भिंतीपलीकडे ऐकू जातेय, अशी सुनेची खात्री झाली आणि तिचे कान लाल झाले.

मग तिने कॉम्प्युटर बंद केला. लगेच बाहेरून बाईंनी विचारलं, बंद का केलंत हो? सासऱ्यांना वाटलं, पंख्याबद्दल विचारतायत. त्यांनी आतूनच पंख्याचं बटण फिरवून वेग वाढवला आणि गिऱ्हाइकाची सोय पाहिल्याच्या समाधानात परत वळले. सांधा बसत नसला की ते त्याला कापडात गुंडाळलेल्या लाकडी हातोड्याने दोन टोले देत. कॉम्प्युटरसाठी ते आता तोच हातोडा शोधायला लागले, तेव्हा मात्र सुनेचं धाबं दणाणलं. तिने यंत्र घाईघाईने पुन्हा चालू केलं, प्रोग्रॅमवर क्लिक केलं आणि आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. सगळं ऐकून घेऊन त्याने एकच प्रश्न विचारला.

"ताई, तुझा दुसरा स्क्रीन कुठे आहे?"

दुसरा स्क्रीन मधूनमधून लुकलुकायचा. काल संध्याकाळपर्यंत तो टेबलावर होता, आज तिथे सरसाचे डबे होते. नवऱ्याने आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं काम वेळेवर केलं आणि स्क्रीन दुरुस्तीला नेला, असं समजून ती सकाळपासून मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होती.

"मी नाही नेला," नवरा म्हणाला.

आता दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. या सुतारखान्यात रिकामी वस्तू कधी जागेवर राहत नसे. खुर्ची रिकामी दिसली की सासरे तिची लाकूड कापायची घोडी करत, डबा रिकामा दिसला की त्यात खिळे भरत, आणि कोणाला सांगायच्या भानगडीत पडत नसत.

"तो होय? तो मी सकाळी बाहेर टांगला. नमुन्यांच्या मधे," सासरे म्हणाले. "वायर पुरली फटीतून. निळा रंग काय शोभून दिसतो तिथे! आणि हलवल्यापासून लुकलुकतही नाही."

फोनवर भाऊ इतका हसला की त्याला बोलता येईना. प्रोग्रॅम केव्हाचा उघडलाय, त्या दुसऱ्या स्क्रीनवर, एवढंच त्याने कसंबसं सांगितलं.

सुनेचा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच क्षणी भांड्यासकट खाली आपटला. कारण प्रोग्रॅम उघडला की सगळ्यात शेवटी काढलेलं चित्र, जसं सोडलं असेल तसं, समोर यायचं. आणि शेवटी तिने काढला होता तो बाईंचा सरळ जिना नव्हेच. ते काम आटपल्यावर काल संध्याकाळी तिला लहर आली होती. एका बाजूने वर चढायला पायऱ्या, दुसऱ्या बाजूने खाली यायला घसरगुंडी, असा एक जिना तिने आपला स्वतःपुरता काढला होता आणि काढताना एकटीच हसली होती.

ती धावत बाहेर गेली. मागोमाग नवरा आणि हातोड्यासकट सासरे. बाई पदराने डोळे पुसत होत्या. भिंतीवर, साग आणि शिसवीच्या मधोमध, नवऱ्याने दाबलेल्या बटणांनी जांभळा झालेला घसरगुंडीचा जिना तिरपा लटकत होता.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. "मघाशी तो गरगर फिरून उलटा झाला, ते परत दाखवा ना. मध्येच गायब होतो आणि येतो, तेही छान बसवलंय तुम्ही."

सून क्षमा मागायला लागली. हे चुकून दिसलं, तुमचा जिना साधा आहे, सरळ आहे, आत्ता दाखवते, असं ती एका दमात बोलत सुटली. बाईंनी तिला हातानेच थांबवलं. मुलं धावत वर येतात, पण खाली उतरायला तयार होत नाहीत, त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी एकेकाला दंडाला धरून आणावं लागतं. मग त्या मालक म्हणून सासऱ्यांकडे वळल्या.

"हाच हवा मला. पण मोठ्या माणसाचं वजन पेलेल का?" आणि थोड्या लाजून म्हणाल्या, "मी आपलं माझ्यासाठी विचारतेय."

सासरे स्क्रीनजवळ गेले आणि घसरगुंडीच्या कडेवरून बोट फिरवत खालपर्यंत आले. सुनेला समोर बिलांचा गठ्ठा दिसत होता.

"इथे शेवटी उचललंय कशाला?" त्यांनी तिला विचारलं.

"वेग कमी व्हावा म्हणून. नाहीतर मुलं थेट वाचणाऱ्यांच्या मांडीवर जातील."

सासऱ्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हातोडा खुर्चीवर ठेवला आणि बाईंना म्हणाले, "जिना करणार मी. पण काढलाय हिने. वजनाबिजनाचं जे काही विचारायचं ते हिलाच विचारा. ही सांगेल तसंच होईल."

गिऱ्हाइकासमोर असं ते आजवर पोटच्या पोराबद्दलही बोलले नव्हते. पोटचा पोर दारात उभा होता आणि त्याचा चेहरा बायकोपेक्षाही जास्त फुलला होता. सुनेला इतका आनंद झाला की रडू आणि हसू एकदमच आलं, आणि कोणाला आधी वाट द्यावी ते तिला कळेना.

"पेलेल," ती शेवटी म्हणाली. "खात्रीसाठी आधी बाबा बसून बघतील."

नवऱ्याने जीभ चावली. सासरे मात्र रागावले नाहीत. ते एकदा स्क्रीनकडे आणि एकदा स्वतःच्या पोटाकडे बघत, रुंदी कितपत वाढवावी लागेल याचा अंदाज घेत होते.