पट्ट्याचं शेवटचं भोक

विरुपाक्षानं व्यायाम सुरू करायचं ठरवलं की त्याची बायको गौरम्मा कपाळावर हात मारून घ्यायची. त्याचा व्यायाम म्हणजे तिच्या डोक्याला ताप. आदल्या संध्याकाळी बदाम भिजत घाला, पहाटे ते सोला, पाट्यावर वाटा, दूध आटवा, तिळाचं तेल कोमट करा. एवढं करून, घामाचा थेंब न गाळता घाम आला म्हणणाऱ्या या माणसासाठी आडातून सहा बादल्या पाणी शेंदा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यानं नऊ वेळा तरी शरीर कमवायला घेतलं होतं. एकदा पाडव्याच्या मुहूर्तावर, एकदा नागपंचमीला, एकदा बार्शीहून आलेल्या कुठल्याशा पैलवानाचे दंड बघून, आणि एकदा तर नुसतं आरशात बघून. चार दिवस जोर चालत, पाचव्या दिवशी अंग दुखे, आणि मग सोमवार आडवा येई. सोमवार सिद्धेश्वराचा वार, त्या दिवशी अंगमेहनत करायची नाही असा नियम विरुपाक्षानं स्वतःच काढला होता. बाकी सोलापुरात हा नियम कुणाला ठाऊक नव्हता. त्या सोमवारचा मंगळवार पुढं कधी उजाडतच नसे.

या खेपेला मात्र गौरम्माला हसून सोडून देता येत नव्हतं, कारण प्रश्न सासऱ्यांचा, नागप्पांचा होता.

संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या काठ्या निघतात. घराच्या आढ्याच्याही वर जाणारी उंच काठी, तिला वरपर्यंत सजावट. कमरेच्या पट्ट्याला पुढं खोलगट वाटी असते, तिच्यात काठीचं बूड टेकवायचं आणि ती सरळ उभी पेलत एकट्यानं चालायचं. बाळीवेशीपासून पुढच्या चौकापर्यंतचा टप्पा नागप्पांच्या घराचा होता. तीस वर्षं नागप्पांनी तो पेलला. गौरम्मा नवी नवरी म्हणून या घरात आली त्या पहिल्या संक्रांतीला तिनं पांढऱ्या बाराबंदीतले सासरे बघितले होते, ताठ मानेचे, डोळे काठीच्या शेंड्यावर लावलेले. माहेरची आठवण काढून रडायचं ती त्या दिवशी विसरली होती. पुढं याच सासऱ्यांनी तिला कधी सून म्हणून हिणवलं नाही, घरच्या लेकीसारखं वागवलं. त्यांचा शब्द खाली पडलेला तिला खपत नसे.

गेल्या साली नागप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि काठी शेजारच्या माणसांनी सावरली. पंचांनी घरी येऊन स्पष्टच सांगितलं, "औंदा घरातला माणूस उभा राहू दे, नागप्पा. न्हायतर टप्पा दुसऱ्या घराला द्यावा लागंल."

"माझा विरुपाक्ष हाय की," नागप्पा म्हणाले.

दसऱ्याला विरुपाक्षानं सराव सुरू केला. सुरू केला म्हणजे आधी सामान आणलं. शिसवी मुद्गलांची जोडी आली, दोन लंगोट आले, नवी बाराबंदी शिवून आली. मंगळवार पेठेत त्यांची धान्याची आडत होती, तिच्यामागच्या अंगणात पैलवानांच्या चार तसबिरी लागल्या. त्यांच्याकडे बघून जोर चढतो म्हणे. शेंड्याला वाळूची पिशवी बांधलेली सरावाची काठी भिंतीला उभी राहिली. पहिल्या दिवशी विरुपाक्षानं ती उचलली, चार पावलं चालला आणि काठीसकट अंगणातल्या चिंचेच्या फांद्यांत जाऊन अडकला. दुसऱ्या दिवशी दोन पावलं. आठव्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "गुंडा, तू उचल रं. माझी चूक कुटं होतीया ते मला बघायचंय."

गुंडा आडतीवरचा हमाल. चाळिशीचा, सांगोल्याकडचा धनगर, वीस वर्षं याच आडतीत ज्वारीची पोती वाहत आलेला. त्यानं मुकाट्यानं पट्ट्याच्या जागी पोत्याची घडी बांधली आणि काठी उचलली. सहा पावलं चालला, खाली ठेवली आणि पोती उचलायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सात पावलं चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा सातच. कुणी शाबासकी दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही.

विरुपाक्ष मात्र खूष झाला. चूक बघायला त्याला आता रोज गुंडा लागायला लागला. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की गुंडा अंगणात काठी पेलायचा आणि विरुपाक्ष बाजेवर घोंगडी पांघरून, मांडीवर बदामांची वाटी घेऊन बसायचा. "मान वर! टाच टेकू नगंस! दम धर, दम!" एक बदाम तोंडात. "खांदा ढिला सोड की!" आणखी एक बदाम. काठीबद्दल या माणसाला ठाऊक नाही असं काही उरलं नव्हतं. फक्त त्यानं ती पुन्हा हातात धरली नव्हती.

"पैलवान तयार होतुया खरा," मागच्या दारात उभी राहून गौरम्मा एकदा म्हणाली, "पर कोण?"

"तुला काय कळतंय त्यातलं? आदी डोक्यात बसावं लागतं, मग ते अंगात उतरतं."

"उतरताना पोटात आडकलं वाटतं," ती म्हणाली आणि त्याच्या बाराबंदीच्या ताणलेल्या बंदांकडे बघत आत गेली.

नागप्पांना अंगणापर्यंत चालत येणं होत नव्हतं. ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत ते बसायचे आणि रोज सकाळी सुनेला विचारायचे, "जमतंय का गं त्येला?"

"जमतंय की, मामंजी," गौरम्मा म्हणायची. म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा आणि तिला आतल्या आत चोरट्यासारखं व्हायचं. आज ना उद्या नवरा काठीला हात घालेल ही आशा तिला होती. निदान लाजेकाजेस्तव तरी घालेल. नंतर नंतर ती आशाही गेली आणि तोंडात नुसतं खोटं उरलं.

यात्रेच्या आदल्या सकाळी नागप्पांनी स्वतः भिंत धरत उठून खुंटीवरचा पट्टा काढला. तीन पिढ्यांचा पट्टा, जाडजूड, पितळी आकड्याचा. त्याला पाच भोकं होती. नागप्पांचं भोक तिसरं. शेवटचं पाचवं त्यांच्या बापाचं, आणि बापासारखा दांडगा गडी त्या पेठेत पुन्हा झाला नव्हता.

विरुपाक्षानं पट्टा कमरेभोवती घेतला. आकडा पाचव्या भोकापासून चार बोटं लांब राहिला.

"श्वास आत घ्या," गौरम्मा म्हणाली. त्यानं घेतला. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, गुडघा लावून ओढलं. तीन महिन्यांचे बदाम, आटीव दूध आणि साजूक तूप काही केल्या मागं हटेना. विरुपाक्षाचा चेहरा लालबुंद झाला.

"पट्टा आकसलाय," तो धापा टाकत म्हणाला. "थंडीनं आकसतुया."

"तीस वरसं न्हाय आकसला," नागप्पा म्हणाले.

"मग मोच्याकडनं तुकडा जोडून आनतो. हाय काय आन न्हाय काय! सराव तर झालाय की, अप्पा. समदं पाठ हाय मला. पाय कुटं टाकायचा, वारं आलं तर..."

"साकु!" नागप्पा कानडीत ओरडले. पुरे म्हणजे पुरे. त्यांनी पट्टा गुंडाळून मांडीवर घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गौरम्मा, पंचांना निरोप धाड. म्हनावं, टप्पा देऊन टाका."

एवढं ऐकल्यावर तिला राहवलं नाही. नवऱ्याची लाज झाकायला ती तीन महिने खोटं बोलली होती आणि त्याची झळ लागली ती म्हाताऱ्याला. तिला नवऱ्याचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

"मामंजी, मी लबाड बोलले," ती म्हणाली. "जमत हुतं, पर ह्यास्नी न्हाय. गुंडाला जमत हुतं. तीन म्हयने रोज त्योच उचलतुया. हे बाजंवर बसून बदाम खात्यात."

नागप्पांनी मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. "बोलीव त्येला," ते म्हणाले.

गुंडा अंगावरचा भुसा झटकत आला. नागप्पांनी बसल्या जागेवरून त्याच्या कमरेला पट्टा आवळला. आकडा तिसऱ्या भोकात बसला.

दुसऱ्या दिवशी बाळीवेशीत तोबा गर्दी होती. बाराबंदीतला गुंडा पुढं आला तसे पंच गोंधळले. "नागप्पा, घरातला माणूस म्हनलं हुतं आमी."

"वीस वरसं माझ्या घरची भाकर खातुया आन माझी पोती व्हातुया," वेशीच्या कडेला खुर्चीवर बसलेले नागप्पा म्हणाले. "घरातला कोन, ते मी ठरवनार."

पंच कुरकुरत बाजूला झाले, कारण काठी थांबवता येत नव्हती. 'हर्र बोला हर्र' झालं आणि गुंडानं बूड वाटीत घेतलं. मधेच बोळातून वाऱ्याचा झोत आला, शेंडा कलला, बायकांनी तोंडावर पदर घेतले. गुंडा जागच्या जागी थांबला, अंगणात रोज थांबायचा तसाच, आणि काठी सरळ झाल्यावर पुढं चालू लागला. नागप्पांच्या डोळ्यांना धार लागली होती. गौरम्मालाही रडू आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

आणि काठीपुढं उलटा चालत, ताणलेल्या बाराबंदीत, हातवारे करत कोण होतं? "मान वर, गुंडा! दम धर!" टप्पा पुरा झाल्यावर लोकांनी गुंडाभोवती कडं केलं, तसा हा मधे घुसून ज्याला त्याला सांगू लागला, "मीच तयार केलाय त्येला. तीन म्हयने रोज पहाटे! लई कष्ट घेतले." गौरम्मानं ते ऐकलं. या माणसाला लाज नावाची गोष्ट जन्मतःच मिळाली नव्हती, हे तिला अकरा वर्षांत प्रथमच इतकं लख्ख कळलं.

यात्रा आटोपली. त्या रविवारी सकाळी विरुपाक्ष उशिरा उठला, आळोखेपिळोखे देत बाजेवर बसला आणि त्यानं हात पुढं केला. "बदाम आन की गं."

"गुंडाकडं धाडले," गौरम्मा म्हणाली. "त्येची बायकू मायाक्का सोलतीया आता. तिला म्हनलं, तुज्या नवऱ्याच्या अंगी लागत्यात तरी."

त्यानं खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. "आन पट्टा?"

"त्यो बी तितंच. मामंजींनी सोताच्या हातानं दिला. पुढल्या सालीबी त्योच उभा ऱ्हानार."

पहिल्यांदाच विरुपाक्षाचं तोंड खरोखर उतरलं. गौरम्माला वाटलं, आता तरी हा उठेल, आडावर जाऊन निदान एक बादली तरी शेंदेल.

"बघच तू," तो मान झटकून म्हणाला. "उद्यापासनं सुरू करतो."

ओसरीवर नागप्पा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "उद्या सोमवार हाय."