एव्हरेज काय देती?

"हे झाकण लावा बरं. आता ते दुसरं परत उघडा," ईश्वरअप्पा म्हणाले.

महारुद्रने चौथ्यांदा एका गाडीचं बॉनेट लावलं आणि चौथ्यांदा शेजारच्या गाडीचं उघडलं. गडी पिंगळी गावचा, शोरूममध्ये नवा. गिऱ्हाइकासमोर जांभई द्यायची नाही, एवढं शिकून आला होता.

दोन्ही पिकअप पांढऱ्या, दोन्हींची चण सारखी. फरक फक्त पोटात. एकीत बाराशेचं इंजिन, दुसरीत पंचवीसशेचं. लेकीसाठी एकाच दिवशी दोन स्थळं चालून यावीत तसे आप्पा या गाडीकडून त्या गाडीकडे जात होते.

"आप्पा, किती येळ बघायलात?" शिवानी म्हणाली. "मोठंच घ्यायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय. मी बघायलोय."

शिवानी ही त्यांची एकुलती एक लेक. परभणीत एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामाला होती. बावीस वर्षं वापरलेली आप्पांची जुनी गाडी दिवाळीनंतर रस्त्यात बसली, ती पुन्हा उठलीच नाही; तेव्हापासून ते भाड्याच्या गाडीवर भागवत होते. तेव्हा शिवानीने आपली शिल्लक वडिलांपुढे ठेवली. अट एकच, इंजिन मोठं घ्यायचं. गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचे कंत्राटदार, किशनरावांनी शब्द दिला होता, मोठी गाडी आणा, लोखंड-सिमेंटचं काम बारा महिने तुमचंच. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं आप्पांच्या बायकोला, नागुबाईंना वाटलं होतं. आप्पांनाही वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत किशनरावांना होय-नाही कळवायचं होतं.

अडचण होती ती अकरा टोपल्यांची.

आप्पांच्या झरी गावातल्या अकरा बायका. कुणाची टोपलीभर वांगी, कुणाच्या मेथीच्या जुड्या, कुणाची नुसती कोथिंबीर. आप्पा पहाटे गल्लीगल्लीतून फिरून तो माल उचलत आणि परभणीला भाजीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, पोचवत. प्रत्येक टोपलीला ज्या त्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. त्या खुणेवर बावीस वर्षांत एकही टोपली चुकली नव्हती. पण एवढ्याशा मालासाठी मोठं इंजिन दारोदार फिरवणं परवडणार नव्हतं. ते अर्धं रिकामं पळालं तरी पोटभर तेल पिणार. शिवाय किशनरावांचं कामही पहाटेच सुरू व्हायचं. म्हणजे लोखंड तरी न्यायचं, नाहीतर टोपल्या तरी.

दुसरा कुणी असता तर त्याने टोपल्यांना केव्हाच रामराम ठोकला असता. आप्पांना ते जमत नव्हतं, त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी मालावर चढून दोरी आवळताना ते खाली पडले आणि पाय मोडून तीन महिने खाटेवर पडले. त्या दिवसांत दुसरा एक गाडीवाला बायकांकडे आला. सत्तरीच्या सरजाबाईंनी त्याला "ही जागा ईश्वरअप्पाची हाय, बाबा," म्हणून वाटेला लावलं. तीन महिने अकराही जणी टोपल्या डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालल्या आणि यष्टीने गेल्या. आप्पा लंगडत गाडी घेऊन आले त्या पहाटे सगळ्या जणी कोपऱ्यावर उभ्या होत्या. "आलास?" एवढंच सरजाबाई म्हणाल्या. आप्पांना रडू फुटलं, आणि आभार मानायचे राहून गेले. ते अजून राहिलेलेच होते.

"बरं, एव्हरेज काय देती?" आप्पांनी विचारलं.

महारुद्र एकदम जागा झाला. "छोट्या इंजिनाला एव्हरेज जास्त, काका. मोठ्याला ताकद."

एका लिटरमध्ये गाडी किती लांब जाते ते एव्हरेज. गाडीवाल्याच्या तोंडी याहून गोड शब्द नाही. आप्पा तर खुललेच.

"एव्हरेजचं आमाला नका सांगू, साहेब. आमच्या घरातच हाय. ह्या शिवानीला नववीत मास्तरनं सोताच्या हातानं लिवलं व्हतं, एव्हरेज म्हणून!"

शिवानीने मान खाली घातली.

नववीची सहामाही झाली होती. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. वडील विचारतील म्हणून शिवानीने तो भीतभीत वाचून दाखवला आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. "एव्हरेज!" आप्पा ओरडले. "नागू, ऐकलं का? मास्तरनं पोरीला एव्हरेज दिलं!" तसेच उठले आणि झरीच्या फाट्यावरून पेढे आणले. अर्ध्या गावात वाटले. शाळेत जाऊन मास्तरांनाही दिले. मास्तरांनी पेढा तोंडात घातला आणि बराच वेळ तो त्यांच्याने गिळवेना. पुढच्या वर्षी शेरा बदलून 'उत्तम' झाला तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला होता. "असू दे," ते लेकीची समजूत काढत म्हणाले होते, "येईल परत एव्हरेज. तू मन ल्हान करू नको."

महारुद्रला हसू आवरलं नाही. "अहो काका, माणसाला एव्हरेज म्हणलं की त्याचा अर्थ..."

शिवानीने डोळे वटारले, तसा तो थांबला. पण तोवर उशीर झाला होता.

"काय अर्थ?" आप्पांनी विचारलं. महारुद्र टायशी चाळा करत राहिला. मग आप्पा लेकीकडे वळले. "तू सांग."

"मधली, आप्पा. हुशार बी न्हाई अन् ढ बी न्हाई. अशीच, चारचौघींसारखी."

आप्पा गाडीच्या बंपरवर टेकले. त्यांच्या डोळ्यांसमोर पेढे खाणारं सगळं गाव येऊन गेलं. त्यात दहावी-बारावी झालेले किती तरी होते. तलाठी होता, पोस्टमन होता. सगळ्यांनी पेढा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकही जण हसला नाही. मास्तरांनी तर वर "पोरीला शिकवा" असंही सांगितलं होतं. आपली फजिती झाली याची लाज आप्पांना वाटायला हवी होती. पण मनात आलं ते वेगळंच. किती माणसांनी आपल्याला सांभाळून घेतलं, आणि आपल्याला पत्ताही नाही!

"तू तवा कामून न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू? तुमी पेढे वाटून आला व्हता." शिवानी म्हणाली. "त्या रात्री ठरवलं, आता अभ्यास करायचा. तुमचे पेढे खोटे पडू द्यायचे न्हाईत."

आप्पांनी खिशातून रुमाल काढला, उगाच हात पुसले आणि परत ठेवला. देवाने असली लेक दिली म्हणून त्यांनी सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. मग ते उठले.

"साहेब, हे ल्हान इंजिन लिवून घ्या."

"आप्पा!" शिवानी म्हणाली. "अवो, आता तरी मोठं घ्या. लोकांचं जड वझं उचलत तुमचा जन्म गेला..."

"माझं वझं जड कवाच नव्हतं, बाई. अकरा टोपल्या हायत." ते तिच्याजवळ आले. "मोठं इंजिन घेतलं की मला रोज मोठं वझं हुडकत फिरावं लागंल. अन् त्या बाया पुन्यांदा चालत जातील. एकडाव गेल्या त्या, माझ्यासाठी. दुसऱ्यांदा माझ्यामुळं जायला नकोत. तू रागावली का?"

शिवानीने पर्समधून पेन काढून महारुद्रपुढे ठेवलं आणि म्हणाली, "कुठं सही करायची, दाखवा."

किशनरावांना आप्पांनी तिथूनच फोन लावला. "मालक, तुमी आठवण ठिवली, लय मेहरबानी. पण मला जमायचं न्हाई." पलीकडून किशनराव म्हणाले की असा मौका दारात दोनदा येत नाही. "खरं हाय तुमचं," आप्पा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

सोमवारी पहाटे नागुबाईंनी नव्या गाडीला भस्माचे तीन पट्टे ओढले, चाकाखाली लिंबू ठेवलं. आप्पा सरजाबाईंच्या गल्लीत वळले आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला. अकराही जणी एकत्र उभ्या होत्या. टोपल्या खाली नव्हत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपली. चालत निघायच्या तयारीत होत्या सगळ्या.

आप्पा खाली उतरले. "काय झालं?"

"काय न्हाई, बाबा," सरजाबाई म्हणाल्या. "गुत्तेदाराचं काम लागलं म्हणं तुला. मोठी गाडी घेतली, लय बरं झालं. म्हणलं, तुला बघूनच फाट्याला जावं." त्यांनी पुढे होऊन बॉनेटवरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. "सुखात राहा. आमची फिकीर करू नको. यष्टी हायच की."

कुणाच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. तानुबाईंनी तर घरून हळदकुंकू आणलं होतं. आप्पांना बोलायचं होतं, चार वर्षांचं राहिलेलं सगळं एकदम सांगायचं होतं. पण ते नुसतेच मागे गेले, गाडीचा फाळका खाली पाडला, परत येऊन सरजाबाईंच्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उचलली.

"ल्हानच हाय ही, सरजामाय," ते कसंबसं म्हणाले. "तुमच्याचसाठी घेतली."

सरजाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढली, तिचा पीळ सोडवून फडकं झटकलं, आणि आप्पा टोपली ठेवणार तिथे गाडीत नीट पसरलं. नव्या पत्र्याला चरा पडायला नको. त्यांच्यामागे तानुबाईंनी आपली चुंबळ सोडली, मग तिसरीने, मग चौथीने.