डायरेक्ट केलेला पंखा

लिब्रादोच्या अंगणात तेयोची पांढरी गाडी आठ दिवस उभी होती, आणि आठही दिवस लिब्रादो तिच्याकडे पाठ करून काम करत होता. या आठ दिवसांत त्यानं दोन गाड्यांचे ब्रेक केले, एका ट्रॅक्टरचा क्लच केला, शेजारणीच्या वॉशिंग मशीनचा पट्टासुद्धा बसवून दिला. क्रेनवाल्यानं गाडी उतरवली त्या दिवशी त्यानं बॉनेट उघडून एकदा पाहिलं होतं. पाणी उकळून संपलेलं, हेड वाकलेलं, इंजिन जाम. त्यानं बॉनेट लावलं ते लावलंच.

"मेलेल्या माणसाचंसुद्धा लोक तोंड बघतात," ओफेलिया म्हणाली. "तुला त्या गाडीचं बघवत नाही होय?"

ओफेलिया ही त्याची बायको. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ती बहुतेक वेळा खरंच बोलायची, हा आणखी एक ताप.

नवव्या दिवशी सकाळी तेयोचा निरोप आला. गाडी भंगारात काढ, कामाचं काही असेल तर तुझ्याकडे ठेव, मला ती पुन्हा दारात दिसायला नको. संध्याकाळी तेयोच्या वारलेल्या आईच्या, दोन्या राफाएलाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची सांगता होती. त्याच्या आत गाडीचं काय ते मिटवावं असं तेयोला वाटलं असणार. लिब्रादोनं पाना-पक्कड घेतली आणि पुढची जाळी काढायला बसला.

या गाडीचं दुखणं सुरू झालं ते एप्रिलात. तेव्हा तेयो हसत हसतच आला होता.

"कोंपाद्रे, हा पंखा माझ्या सासूवर गेलाय. किल्ली फिरवली की सुरू, आणि काही केल्या गप्प बसत नाही."

दोघं एका गल्लीत वाढलेले, एका शाळेतून एकाच दिवशी हाकलले गेलेले. तेयोला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं होतं लिब्रादोनं. तो तिचा धर्मबाप, तिच्या तोंडी पाद्रीनो. तेव्हापासून हे दोघे एकमेकांना नावानं हाक मारत नसत, कोंपाद्रे म्हणत.

लिब्रादोनं तेव्हा किल्ली फिरवून पाहिली होती. इंजिन थंडगार, आणि रेडिएटरचा पंखा मात्र भणभणत सुरू. चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला याचा अर्थ समजायला मीटर लागत नाही. इंजिन किती तापलंय हे सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याची खबर पोचेनाशी झाली की गाडी घाबरते आणि उगीच धोका नको म्हणून पंखा लावूनच ठेवते. काचेमागचा तापमानाचा काटाही तेव्हा मेल्यासारखा पडला होता. म्हणजे सेन्सर बघायचा, त्याचा प्लग बघायचा, वायर बघायची. कुठंतरी तुटलेलं सापडतंच.

पण तो रविवार होता. निखाऱ्यांवर मांस होतं, तेयोनं बियर आणली होती, आणि ओफेलिया तिसऱ्यांदा हाक मारत होती.

"डायरेक्ट करून टाकू," लिब्रादो म्हणाला.

उरेस गावातल्या निम्म्या गाड्या तशाच चालतात. गाडीच्या मेंदूकडून येणारी वायर कापायची, बॅटरीकडून सरळ एक वायर पंख्याला न्यायची, आणि मध्ये स्टिअरिंगखाली एक बटण बसवायचं. वायर घरात पडलेलीच होती, जरा बारीक होती. फ्यूज नव्हता. हेडलाइटच्या मागं वायर कमी पडली तिथं त्यानं दोन टोकांना पीळ दिला आणि वर टेप गुंडाळली. कथील वितळवून जोडाला डाग द्यायला हवा होता. पण डाग द्यायचं यंत्र आतल्या खोलीत होतं, आणि मांस करपत होतं.

मग त्यानं नेरेइदाला स्टिअरिंगवर बसवलं. एकोणीस वर्षांची त्याची धर्मलेक, बापाची गाडी बहुतेक वेळा तीच चालवायची. तिच्याकडून त्यानं तीनदा घोकून घेतलं. किल्ली लावली की बटण वर. गाडी थांबवली की बटण खाली, नाहीतर बॅटरी उतरेल. आणि काट्याकडे बघायचं नाही, तो मेलाय.

"पाद्रीनो, मी काय बाळ आहे का?" ती वैतागून म्हणाली होती, आणि चौथ्यांदा स्वतःहून म्हणून दाखवलं होतं.

ऑगस्टात डोंगरापलीकडच्या आकोन्ची गावाहून तेयोच्या बहिणीचा फोन आला. आई जेमतेम श्वास घेतेय, आणि सारखं तुझंच नाव घेतेय. तेयोनं किल्ली लेकीच्या हातात दिली. नेरेइदा स्टिअरिंगवर बसली. डोंगराच्या चढावर बॉनेटमधून वाफ आली, इंजिन खडखडलं आणि अडकलं. तिनं गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, शिकवल्याप्रमाणे बटण खाली केलं. तेयोनं उतरून बॉनेट उघडलं तर पंखा गप्प. त्यानं स्टिअरिंगखाली पाहिलं तर बटण खाली.

"बटण लावलंच नाहीस तू!"

"लावलं होतं, पप्पा. आत्ता थांबलो म्हणून खाली केलं."

त्यानं ते ऐकलं नाही. तिथं फोन लागत नव्हता. दीड तासानं चाऱ्याचा एक ट्रक आला. ते आकोन्चीला पोचले तेव्हा आईच्या हनुवटीला रुमाल बांधून झाला होता. जाऊन अर्धा तासही झाला नव्हता.

मयताला आलेल्या प्रत्येकाला तेयोनं हेच सांगितलं. पोरगी बटण लावायला विसरली. ती दोनदा म्हणाली, विसरले नाही. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. आणि लिब्रादोनं, धर्मबापानं, तिच्या पाठीवर हात ठेवून चारचौघांत समजूत काढली होती, "असू दे गं. घाईत माणूस विसरतंच." त्याच्या मनात मायाच होती. पण ज्यानं बटण बसवलं त्यानंच असं म्हटल्यावर मग कुणाच्या मनात शंका राहिली नाही.

आता जाळी निघाली. त्यानं हेडलाइट सोडवला, वायर हातात धरून मागं ओढली, आणि ती दोन तुकड्यांत हातात आली.

टेप वितळून चिकट काळा गोळा झाली होती. त्याच्या पिळाच्या जागी तांबं जळून तुटलं होतं. लिब्रादो खाली मातीत बसला.

जिच्यातून करंट गेलाच नाही ती वायर जळत नाही. बटण खाली असतं तर ही वायर आज एप्रिलातल्यासारखी लाल आणि स्वच्छ निघाली असती. आणि आधी कधी तुटली असती तर गाडी तेव्हाच उकळली असती. म्हणजे बटण वर होतं. पोरीनं ते उरेसमध्ये किल्ली लावतानाच वर केलं होतं. चढावर पंख्याला करंट पुरवता पुरवता लिब्रादोचा तो आळशी पीळ तापला, जळाला, आणि पंखा थांबला. खिडक्या उघड्या, वारा कानात, काटा मेलेला. तिला कळणार तरी कशानं?

 मग जे एप्रिलात करायचं ते त्यानं आता केलं. मीटर आणलं. सेन्सर धडधाकट होता. प्लग उपसून पाहिला, तर एका पिनेवर हिरवा गंज. पिन घासली, प्लग बसवला, किल्ली फिरवली. मेलेला काटा जागचा हलला. थंड इंजिनाचं थंड तापमान त्यानं निमूटपणे दाखवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. लिब्रादोनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

ओफेलिया दारात उभी होती. त्यानं तिला वायर दाखवली आणि सांगितलं. 

"तेयो माझं तोंड बघणार नाही," तो म्हणाला. "गाडी तर भंगारातच चाललीय, ओफेलिया. कोण कशाला विचारतंय?"

"पोरीच्या बाप्तिस्म्याला पाद्र्यानं तुला काय विचारलं होतं?"

"ती केवढ्यांदा रडत होती. मला काही ऐकू आलं नाही."

"मी शेजारी उभी होते. मला आलं. या पोरीच्या पाठीशी उभा राहशील का, असं विचारलं होतं, आणि तू हो म्हणालास. हात धू आणि शर्ट बदल."

तेयोच्या घरी बसायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत जमिनीवर चुन्याचा क्रूस काढलेला, भोवती मेणबत्त्या, फुलं. नेरेइदा कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघर ते खोली फिरत होती. प्रार्थनेला ती बसली नाही, कुणी बसवलंही नाही. नऊ दिवस ती त्या घरात मोलकरणीसारखी वावरत होती.

शेवटची प्रार्थना झाली. आता क्रूस उचलायचा. जवळच्या माणसांनी एकेक करून पुढं यायचं, हातानं थोडा चुना गोळा करून डब्यात टाकायचा. तो डबा मग आजीच्या थडग्याच्या मातीत जायचा. तेयोनं बहिणींना बोलावलं, भाच्यांना बोलावलं. मग म्हणाला, "कोंपाद्रे, पायाकडचा भाग तू उचल. आईचा तू मुलासारखाच होतास."

नेरेइदा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी होती. तिचं नाव आलं नव्हतं.

"मी नाही उचलणार," लिब्रादो म्हणाला. "माझा तो मान नाही. तो नेरेइदाचा आहे."

तेयोच्या कपाळावर आठी आली. "आज नको, लिब्रादो. आज तो विषय नको."

"आजच." त्यानं खिशातून वायर काढली. "बटण वर होतं, तेयो. पोरगी खरं बोलत होती. मी दिलेला जोड जळाला. बटण वर असल्याशिवाय वायर जळत नाही, हे गावातलं कुठलंही शेंबडं पोर सांगेल. मी बारीक वायर घातली, फ्यूज घातला नाही, डाग दिला नाही. आणि वर तिला म्हणालो, विसरतं माणूस."

 तेयोनं वायर हातात घेतली, जळक्या टोकावरून अंगठा फिरवला.

"नीट केलं असतंस तर किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं," तेयो म्हणाला. "माझी आई दीड तास माझं नाव घेत होती, लिब्रादो."

त्यानं पुन्हा नावानं हाक मारली, आणि दोघांनाही कळलं की आता नावच राहणार. लिब्रादोनं मान खाली घातली. 

तेयो लेकीकडे वळला.  तिनं बापाकडे पाहिलंच नाही. ती लिब्रादोकडे बघत होती.

"पाद्रीनो, बटण वर होतं?"

"वर होतं, पोरी."

"नक्की?"

"नक्की. शपथ."

"मला वाटायला लागलं होतं मी विसरलेच," ती हळू म्हणाली. "आधी आठवायचं, लावलं होतं. मग नाही लावलं असंही आठवायला लागलं. माझं बोट बटणापाशी जाऊन मागं येतंय असं दिसायचं. मला खरं काय ते कळेनासंच झालं होतं."

तिनं ट्रे खाली ठेवला. गर्दीतून वाट काढत ती क्रूसापाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. तेयो तिच्याशेजारी वाकला, खांद्यावर हात ठेवायला गेला. तिनं खांदा बाजूला घेतला. हात तसाच राहिला. पलीकडे लिब्रादो उभा होता, त्याला तर हात पुढं करायचीही हिंमत झाली नाही.

नऊ दिवसांत नेरेइदाच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. पोरगी दगडाची आहे, असं बायका कुजबुजल्या होत्या. आपल्याला रडायचा हक्क नाही असं तिला वाटत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता तिनं पायाकडचा चुना दोन्ही मुठींत घेतला, त्या मुठी छातीशी धरल्या आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

"आजी," ती म्हणत होती, "मी लावलं होतं गं. आजी, मी खरंच लावलं होतं."