टॅन्सीच्या पाठीवरचं वजन

बाईनं वजन चोरून सांगणं यात जगात कुठंच काही नवं नाही. पण व्हर्ना स्टिडमचं वजन तिचं एकटीचं नव्हतं. ते रोज सकाळी एका घोड्याच्या पाठीवर चढायचं, आणि त्या घोड्याचं पुढं काय करायचं हे त्यावरून ठरायचं.

केंटकीतल्या त्या रेसकोर्सवर ती एकोणीस वर्षं अमोस टॅकेटच्या तबेल्यात सरावाची स्वार होती. शर्यतीच्या दिवशी जॉकी बसतात, रेशमी कपडे घालतात, फोटोबिटो निघतात. उरलेले सगळे दिवस पहाटेच्या गारठ्यात घोडा पळवून आणणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांचे फोटो कुणी काढत नाही. व्हर्नाला त्याचं काही वाटायचं नाही. तिला मांडीखाली घोडा हवा होता, बाकी कशात तिचा जीव नव्हता. लग्न एकदा करून मोडून झालं होतं. मूलबाळ नव्हतं.

अमोस जुन्या वळणाचा ट्रेनर. घोडा किती वेगानं पळाला यापेक्षा काय वाहून पळाला, हे तो आधी बघायचा. रोज सकाळी ती रिकिबीत पाय घालायच्या आधी तो विचारायचा, "किती, पोरी?" आणि ती म्हणायची, "एकशे अठरा." ती बत्तीस वर्षांची होती तेव्हाही पोरी होती आणि एक्कावन्नाव्या वर्षीही पोरीच होती. एकशे अठरा पौंडही तसेच राहिले होते, निदान तोंडानं तरी.

गेल्या वर्षी तिची पाळी गेली. गेली म्हणजे नीट निरोप घेऊन गेली नाही. दोन महिने गायब, मग अचानक हजर, असं करत करत एकदाची गेली आणि जाताना झोप घेऊन गेली. अंगातून अशा वाफा निघायच्या की जानेवारीच्या थंडीत ती तबेल्यामागं जाऊन जाकिटाची चेन उघडून उभी राहायची. डोळ्याला डोळा लागायचा नाही. आणि पोट सुटायला लागलं. जन्मभर जिथं नुसती हाडं होती, त्या कमरेवर एक मऊ वळी आली आणि मुक्कामाला राहिली.

व्हर्नानं जे जे माहीत होतं ते सगळं केलं. सकाळी काळी कॉफी आणि एक उकडलेलं अंडं, दुपारी काही नाही, रात्री सूप. जुने जॉकी करायचे तसं रबरी सूट चढवून घाम निघेपर्यंत पळाली. घाम काय, तो तसाही निघतच होता. काटा मात्र पुढंच सरकत राहिला. थंडी असल्यानं जाड जाकीट आणि वर संरक्षक बंडी, त्यामुळं बघणाऱ्याला पत्ता लागत नव्हता. एकशे वीस झाले तेव्हा ती स्वतःशी म्हणाली, दोन पौंडांनी काय होतंय. एकशे सव्वीसला म्हणाली, उतरवीन. त्यानंतर तिनं काट्यावर चढणंच सोडलं.

तिची थोरली बहीण नॅडीन गावात शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"दवाखान्यात जाऊन ये," ती म्हणाली. "पण त्या हार्मोनच्या पट्ट्या घेऊ नकोस हं. मी घेतल्या आणि ही बघ, बटाट्याचं पोतं झाले."

"तू आधीपासूनच पोतं होतीस."

"होते. पण अर्धं."

दवाखान्यातली नर्स ग्लेनिस पन्नाशीपुढची होती. औषधं लिहून द्यायचा अधिकार तिलाच होता. तिनं आधी सगळं विचारून घेतलं. घरात कुणाला छातीचा कॅन्सर? पायात, फुप्फुसात कधी रक्ताची गाठ? मध्येच रक्त जातं का? व्हर्नाचं सगळ्याला नाही. मग ग्लेनिसनं दोन औषधं लिहून दिली, पोटावर चिकटवायची पट्टी आणि रात्री घ्यायची गोळी.

"यानं जाडी येते ना?" व्हर्नानं विचारलं.

"यानं येत नाही. ती वयानं येते. स्नायू कमी होतात, चरबी मांड्यांवरून उठून पोटावर येऊन बसते, झोप नसली की भूक चेकाळते. पट्टी घेतली नाहीस तरी ती येणारच."

"मग पट्टीनं उतरेल?"

"नाही गं. हे बारीक व्हायचं औषध नाही. वाफा थांबतील, झोप लागेल. वजनाचं म्हणशील तर मी तुला खोटी आशा लावणार नाही. आणि तू जे उपाशी राहतेस ना, ते बंद कर. हाडं ठिसूळ होतील. घोड्यावरून पडणाऱ्या बाईला ते परवडत नाही."

व्हर्नानं पट्ट्यांचं खोकं आणि गोळ्या घरी आणल्या आणि मोज्यांच्या खणात टाकल्या. ग्लेनिस शिकलेली होती, पण नॅडीन डोळ्यांसमोर होती. न झोपता जगता येईल. आणखी पाच पौंड वाढले तर जगता येणार नाही, असा तिनं हिशेब केला. पौंड वाढायचे ते खण बंद असतानाच वाढले.

ज्या घोडीसाठी हा सगळा आटापिटा होता तिचं नाव टॅन्सी. तीन वर्षांची, लालसर, उंच आणि वाईट स्वभावाची. तिनं दोन स्वारांना चिखलात लोळवलं होतं आणि एकाच्या दंडाचा लचका तोडला होता. व्हर्ना पूर्ण हिवाळाभर तिच्याशी बोलत बसली, कधी शिव्या देत, कधी गाणी म्हणत. हळूहळू घोडीनं तिला पाठीवर राहू दिलं. पाठीवर बसून व्हर्नाला कळत होतं की ही साधीसुधी घोडी नाही. तिच्या आत काहीतरी आहे. आयुष्यात एकदाच असा घोडा माणसाला मिळतो, आणि तो आपल्याला मिळाला, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा व्हर्ना चालत्या घोड्यावर झोपली. क्षणभरच, पण मान खाली गेली आणि लगाम सुटला. घोडं म्हातारं आणि शहाणं होतं म्हणून निभावलं. तिथं टॅन्सी असती तर? त्या दिवशी घरी जाऊन तिनं खण उघडला, पट्टी चिकटवली आणि रात्री गोळी घेतली. दोन-तीन आठवड्यांत वाफा ओसरल्या. मग झोप आली, अशी गाढ की उठल्यावर आपण कुठं आहोत हे आठवायला वेळ लागावा. कमरेचा पट्टा त्याच भोकावर राहिला, म्हणजे वजन आणखी वाढलं नाही आणि कमीही झालं नाही. ग्लेनिसनं सांगितलं होतं अगदी तसं.

झोप झालेल्या डोक्याला मात्र बऱ्याच गोष्टी दिसायला लागतात.

एप्रिलमधल्या एका शनिवारी अमोसनं टॅन्सीला दुसऱ्या एका घोडीबरोबर भरधाव पळवलं. ती दुसरी अगदी सामान्य होती. तिच्यावर मारिसोल होती, बावीस वर्षांची, चिमणीएवढी. वळणापर्यंत टॅन्सी पुढं होती. शेवटच्या पल्ल्यात तिचा श्वास तुटला आणि ती सामान्य घोडी तिला मागं टाकून गेली.

व्हर्ना टॅन्सीला कठड्यापाशी परत घेऊन आली तेव्हा अमोस स्टॉपवॉचकडं बघत होता.

"मी चुकलो, पोरी," तो म्हणाला. "तुझ्यासारखी पिसाएवढी बाई पाठीवर, तरी हिला शेवटी दम लागतो. महिनाभर हेच बघतोय. हिच्यात ते नाहीच. मालक माझ्यामागं लागलाय. पुढच्या शुक्रवारी हिला विक्रीच्या शर्यतीत घालतो."

विक्रीच्या शर्यतीत उतरलेला घोडा ठरल्या किमतीला कुणीही घेऊन जाऊ शकतं. घोडा शर्यत पळून येतो आणि दुसऱ्याच्या तबेल्यात जातो. त्या रेसकोर्सवर असे घोडे कोण उचलतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेल रॅटलिफ. दुखऱ्या पायांवर घोडे पळवायचे आणि ते पळेनासे झाले की ट्रकमध्ये घालून कत्तलखान्याकडं पाठवून द्यायचे, हा त्याचा धंदा.

व्हर्नाला त्याच क्षणी सगळं कळलं. पिसाएवढी बाई. अमोसचं गणित बरोबर होतं, त्याला दिलेला आकडा खोटा होता. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बरं." मग घोडीला धुवायला घेऊन गेली.

घरी जाऊन तिनं कपाटामागचा काटा काढला. एकशे चौतीस.

रविवारी नॅडीनकडं मक्याचा ब्रेड आणि बीन्स होत्या. व्हर्नानं कित्येक महिन्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मग बोलू नकोस," नॅडीन म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखा चढा नव्हता. "घोडी जाईल, दुसरी येईल. तू बोललीस तर तो तुला खाली उतरवेल. मग काय करशील? माझ्याबरोबर शाळेत भांडी घासशील?"

"रॅटलिफ तिला मारून टाकेल गं."

"आणि तू? तुझं काय उरणार आहे?"

व्हर्नानं बीन्सचं ताट पुसून खाल्लं. तिला स्वतःची कीव आली, आणि मग कीव आल्याचा राग आला. वर्षभर ती आपल्या अंगाशी भांडत होती. ते अंग बिचारं आपलं वय झालं म्हणून बदललं होतं. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं ते तिच्या तोंडानं.

सोमवारी अमोसनं विचारलं, "किती, पोरी?"

"एकशे चौतीस," ती म्हणाली.

अमोस हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू गेलं. तो दाण्याच्या खोलीत गेला, पोती तोलायच्या काट्यावरचं पोतं त्यानं बाजूला केलं आणि दार धरून उभा राहिला. व्हर्नानं जाकीट काढलं, बंडी काढली, बूट काढले. एकोणीस वर्षांत ती त्या माणसासमोर अशी कधी उभी राहिली नव्हती. पातळ शर्टातून पोट दिसत होतं. तिनं ते आत ओढलं नाही.

अमोसनं चष्मा लावून आकडा वाचला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. हळूहळू."

"आजारी आहेस?"

"नाही. वय झालंय. बायकांचं होतं तसलं."

तो कानापर्यंत लाल झाला. या विषयावर त्याच्याशी उभ्या जन्मात कुणी बोललं नसावं. मग लाली ओसरली आणि तो नुसताच म्हातारा दिसायला लागला.

"सोळा पौंड जादा वाहत होती माझी घोडी," तो म्हणाला. "आणि मी तिला खोटी म्हणत होतो."

"खोटी मी."

"तू मला सांगितलं असतंस तर मी हिशेबात धरलं असतं, पोरी. वजन हिशेबात धरता येतं. तू जे केलंस ते मी कुठं धरू?"

"मला उतरवलं नसतं तुम्ही?"

अमोस विचारात पडला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"हिच्यावरून उतरवलं असतं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या घोड्यांवर ठेवलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं," व्हर्ना म्हणाली आणि बूट चढवायला बसली.

गुरुवारपर्यंत नाव मागं घेता येत होतं. बुधवारी सकाळी अमोसनं मारिसोलला टॅन्सीवर बसायला सांगितलं. मारिसोल घाबरली होती. त्या घोडीचे दात तिनं पाहिले होते. व्हर्नानंच खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग आवळला. घोडीनं कान मागं पाडले आणि मान वळवून व्हर्नाकडं पाहिलं. जणू काहीतरी चुकतंय, हे हिला कसं दिसत नाही.

"जोर लावून धरू नकोस," व्हर्ना मारिसोलला म्हणाली. "हात सैल ठेव आणि बोलत राहा. काहीही बोल. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण हळू आवाजात."

"स्पॅनिशमध्ये चालेल का, मिस व्हर्ना?"

"शिकेल ती."

ती लगाम धरून ट्रॅकच्या तोंडापर्यंत चालत गेली. तिथं तिनं हात सोडला. घोडीनं दोन पावलं तिच्याकडंच टाकली. मारिसोल काहीतरी पुटपुटली, लगाम हलला, आणि ती निघाली.

व्हर्ना कठड्याशी अमोसच्या शेजारी उभी राहिली. वळणावरून टॅन्सी बाहेर पडली तेव्हा व्हर्नाला वाटलं, आता दम तुटणार, इथंच तुटतो. तिच्या स्वतःच्या मांड्या आवळल्या गेल्या. पण घोडीनं मान लांब केली, पोट जमिनीकडं घातलं आणि शेवटच्या पल्ल्यात ती आणखी वेगानं पळाली. तिच्या पाठीवर बसून जे व्हर्नाला नुसतं जाणवायचं ते आता सगळ्या रेसकोर्सला डोळ्यांनी दिसत होतं. पलीकडच्या कठड्यावर दोन ट्रेनर बोलायचे थांबले.

अमोसनं स्टॉपवॉच बघितलं, पुन्हा बघितलं आणि खिशात टाकलं. "नाव मागं घेतो," तो म्हणाला आणि ऑफिसच्या दिशेनं चालायला लागला. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाला, "उद्यापासून म्हातारे घोडे. यायचं असलं तर."

व्हर्नाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला आनंद झाला होता, खराखुरा. घोडी वाचली होती. आणि तिच्यावर आपण पुन्हा कधी बसणार नाही, हेही त्याच पाण्यात होतं. वेगळं काढता येत नव्हतं.

मारिसोल घोडीला दुडक्या चालीनं परत घेऊन आली. पोरीचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते. टॅन्सीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, पण श्वास मोकळा होता. व्हर्नानं पुढं होऊन लगाम धरला.

"मिस व्हर्ना, ही तर उडते," मारिसोल म्हणाली. "इतके दिवस हिला कशानं अडवून धरलं होतं?"

व्हर्नानं घोडीच्या ओल्या मानेवर हात ठेवला.

"मी," ती म्हणाली. "उतर आता. तिला गार करायचंय."