अजून एक आटा

आमच्या घरातले नळ पाहुण्यांना उघडता येत नाहीत. डब्यांची झाकणं माझीसुद्धा परीक्षा बघतात. कारण एकच, आमचे हे. जन्मभर नळजोडणीचं काम केलं आणि एकच मंत्र जपला: हात थांबला की अजून एक आटा पिळायचा. "शेवटचा आटा गिऱ्हाइकासाठी नसतो, आपल्याला झोप लागावी म्हणून असतो," हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवून झालेलं आहे. पाइपांच्या बाबतीत असेलही खरं. पण माणूस निवृत्त झाला तरी मनगट निवृत्त होत नाही, आणि रिकामा माणूस कशाला हात घालील याचा नेम नसतो.

सूनबाई घरूनच काम करते. दातांचे डॉक्टर तिला रुग्णांच्या जबड्याची मापं पाठवतात आणि ती संगणकावर एकेका दाताची कॅप घडवते. मध्यंतरी तिचा संगणक तापायला लागला. दात अर्धा झाला की आपोआप बंद. हे लगेच पुढे सरसावले, "धूळ बसली असेल, मी साफ करून देतो." सूनबाई भिडस्त, तिच्याने नाही म्हणवेना. मी नाही म्हणाले होते. माझं कोण ऐकतंय!

साफसफाई झकास झाली. संगणकाच्या मेंदूवर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, त्यावर पंखा. तो ठोकळा चार बारीक स्क्रूंनी दाबून बसवायचा, म्हणजे मेंदूची उष्णता त्यात उतरते. हे बसवायला लागले. हात थांबला. आणि सवयीने अजून एक आटा दिला. कट्! स्क्रूचं डोकं सुटून टेबलावर पडलं. शहाणा माणूस तिथे थांबला असता. यांनी विचार केला की एक पाय गेला तर समोरच्याने भार उचलायला नको का, आणि समोरचा आणखी आवळला. तोही गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सूनबाईने नवे स्क्रू मागवले आणि ते येईपर्यंत मैत्रिणीच्या घरी जाऊन काम करू लागली. मुलगा तेवढा म्हणाला, "बाबा, आता पुरे. आराम करा ना तुम्ही." चांगल्या मनानेच म्हणाला, पण ते वाक्य यांना नेमकं लागलं.

त्या दिवसापासून हे गरीब गाय झाले. "तुम्ही म्हणाल तसं." "मला काय कळतंय त्यातलं?" एरवी ज्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी दात घासतानाही चालू असतो, ते मूग गिळून खिडकीशी बसायला लागले. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. चहा कसाही दिला तरी तक्रार नाही, असं सुख मला कधी मिळालंय? मग स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला, आणि यांनी फोन करून प्लंबर बोलावला. यांनी! तो पोरगेलासा प्लंबर ओट्याखाली वाकला, तर हे शेजारी बॅटरी धरून उभे. काम झाल्यावर म्हणाले, "छान केलंत हो." आमच्या लग्नापासून यांनी दुसऱ्याच्या कामाला छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी सूनबाईला गाठलं. "अगं, हा माणूस हातातून चाललाय."

"मलाही दिसतंय, आई," ती म्हणाली. "तुमचे चिरंजीव म्हणतायत संगणक दुकानात देऊ. पण स्क्रू आले की मी घरीच बसवणार. बाबांना घेऊन."

स्क्रू आले. दुपारी तिने संगणक जेवणाच्या टेबलावर आडवा केला आणि हाक मारली, "बाबा, जरा धरायला या."

हे आले, पण हात पाठीमागे बांधून. "दुकानात दे ना. मी कशाला मध्ये?"

"मला हात दोनच आहेत म्हणून."

जुन्या स्क्रूंचे तुकडे ज्या पोकळ खुंटांत अडकले होते ते खुंटच तिने पकडीने काढले आणि स्क्रूंच्या पाकिटातले नवे लावले. मेंदूची उष्णता ठोकळ्यात उतरवणारा लेप वाळला होता, तो पुसला. वाटाण्याएवढा नवा लेप टाकला आणि ठोकळा वर ठेवला. यांनी तो दोन्ही हातांनी अलगद, सरळ धरला. तिने एक स्क्रू थोडा फिरवला, मग त्याच्या तिरक्या समोरचा, मग उरलेले दोन, पुन्हा पहिला. हे टक लावून बघत होते. मग तिने स्क्रूड्रायव्हर यांच्यापुढे धरला.

"शेवटचा फेरा तुमचा."

"नको. पुन्हा तुटला तर?"

"तुटला तर तुटला. पण बाबा, स्क्रूवरची ही स्प्रिंग बघा. जोर ती लावते. आपण फक्त तिला जागेवर नेऊन सोडायचं."

"स्प्रिंगच्या भरवशावर?"

"हो."

यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिला स्क्रू फिरला, थांबला. दुसरा, तिसरा. चौथा थांबला तेव्हा मनगटावरची शीर फुगली. सूनबाई मुद्दाम दुसरीकडे बघत होती. आणि यांनी स्क्रूड्रायव्हर झटकन वर उचलला, तापलेल्या तव्यावरून हात काढावा तसा.

"सैल वाटतंय मला," हे म्हणाले. "झोप नाही लागायची."

"मग बसा इथे आणि आकडा बघा."

संगणक सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात उष्णतेचा आकडा चढत गेला, जरा घुटमळला आणि तिथेच राहिला. सूनबाईने एक दाढ उघडली आणि काम करायला लागली. दाढ गोल फिरली, तिच्यावर खळगे उमटले, कडा गुळगुळीत झाल्या. आकडा हलला नाही. हे खुर्ची ओढून बसले होते. कॅप पुरी झाली, तिने डॉक्टरांना पाठवून दिली, तरी हे आकड्याकडेच बघत होते. मग नजर खाली उतरली.

"ही वायर अशी लोंबकळत ठेवतात?" आवाज चढला होता. "उद्या पंख्यात गेली म्हणजे? आणि हा स्क्रूड्रायव्हर! हत्यार असं उघड्यावर टाकून उठतं का कुणी?"

"तुम्हीच ठेवलात, बाबा."

"मग तू काय बघत बसलीस? आणि पकड कुठाय? पुसली का? आजकाल कुणाला कामाची शिस्त म्हणून नाही. आमच्या वेळी..."

सूनबाई मान खाली घालून हसत होती. माझे डोळे भरून आले. "आमच्या वेळी" सुरू झालं की मी यांना तिथेच तोडते, इतक्या वर्षांचा शिरस्ता आहे. त्या दिवशी मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.